दाब, माप आणि पासंग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. पंचवीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही आणि फळ्यावर गणित मांडायचं नाही. दोन्ही पाळतो. आमटीचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे पहिली अट तर मोडताच येणार नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मला विचारलं, "तू मुंबईला नेमकं काय करायचास?" मी प्रयोगशाळेत पदार्थांवर प्रचंड दाब देऊन त्यांचं काय होतं ते पाहायचो. पण खरं सांगायचं तर दाब देण्यात आमचा वेळ फारसा जात नसे. दिलेला दाब किती, हे ठरवण्यात जायचा. आकडा चुकीचा असेल तर पुढचा सगळा खटाटोप पाण्यात. म्हणून आज दाब मोजताना चुका कुठून शिरतात, एवढंच सांगणार आहे. शेवटी हा विषय तुमच्या-माझ्या दंडापर्यंत येतो, तेव्हा थोडं सहन करा.

आधी अंदाज यावा म्हणून घरचं उदाहरण घेऊ. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याची उंची सुमारे ८२ मीटर. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका. म्हणजे धरण तुडुंब भरलं की तळाच्या दगडावर पाण्याचा दाब वातावरणाच्या आठपट. आमच्या कामात लहानात लहान सोयीचं माप म्हणजे एक गिगापास्कल. ते वातावरणाच्या सुमारे दहा हजारपट. भंडारदऱ्यासारखी बाराशे धरणं एकावर एक उभी केली तर तळाला एवढा दाब येईल. आणि पृथ्वीच्या केंद्रात दाब आहे सुमारे ३६० गिगापास्कल.

एवढा दाब मोजायचा कशाने? सगळ्यात विश्वासाचं साधन आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. कुकरची शिट्टी. एका बारीक भोकावर ठरावीक वजन ठेवलेलं असतं. आतल्या वाफेचा दाब ते वजन उचलू शकला की शिट्टी होते. समजा भोक तीन मिलिमीटर व्यासाचं आणि शिट्टी सत्तर ग्रॅमची आहे. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब येतो. १६७९ साली डेनी पापँ यांनी लंडनमध्ये कुकरचा पूर्वज दाखवला, आणि त्यांनी वजनाची झडप वापरली तीही याच तत्त्वावर. प्रयोगशाळेतलं प्रमाण साधन हेच आहे. अचूक कातलेला दट्ट्या, त्याच्यावर अचूक वजनं, खाली तेल. वजन भागिले क्षेत्रफळ. नववीचं सूत्र.

आता या सोप्या सूत्रात चुका कुठून येतात ते पाहा.

पहिली वजनात. वस्तुमान तेच राहिलं तरी पृथ्वी ते किती ओढते हे जागेवर अवलंबून असतं. पुस्तकात गुरुत्व त्वरण ९.८०६६५ लिहिलेलं असतं. ते जगाने ठरवून घेतलेलं प्रमाण मूल्य. आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि पठारावर, म्हणून आपल्याकडे ते ९.७८ च्या आसपास भरतं. फरक हजारात सव्वादोन. भाजी घेताना तो कुणाला जाणवणार नाही. पण परदेशात बनवलेल्या साधनासोबत आलेला तक्ता डोळे मिटून वापरला, तर एक गिगापास्कलला तेवीस वातावरणांची चूक पदरात पडते.

दुसरी क्षेत्रफळात. दाब वाढला की दट्ट्या आणि त्याचं नळकांडं स्वतःच किंचित बदलतात. एक गिगापास्कलपाशी हा बदल हजारात एकाच्या आसपास असतो. तपमान वाढलं की धातू प्रसरण पावतो, त्याची दुरुस्ती वेगळी. तिसरी उंचीत. दट्ट्या टेबलावर आणि तपासायचं गेज खाली, तर मधल्या तेलाच्या स्तंभाचा दाब मोजमापात मिसळतो. मोठ्या दाबाला तो नगण्य, लहान दाबाला मात्र डोईजड.

आपल्यातले काही जण साखर कारखान्यांत बॉयलरवर राहिले आहेत, त्यांना हे मी सांगायला नको. १९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली. बॉयलरच्या त्या गोल तबकडीच्या आत वाकडी चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. फ्रान्समधल्या बुर्दाँ यांनी १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पावणेदोनशे वर्षं होत आली, अजून तिला तोड नाही. पण तिचे स्वभाव आहेत. सतत ताण सोसून धातू थकतो आणि दाब उतरला तरी काटा शून्यावर येत नाही. दाब चढताना ती एक आकडा दाखवते, त्याच दाबाला उतरताना जरा वेगळा. म्हणून गेज तपासायचं ते चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही वाटांनी.

गेजच्या आधी नळीला एक वेढा दिलेला असतो. त्यात पाणी साठतं आणि गरम वाफ थेट गेजमध्ये शिरत नाही. छान युक्ती. पण गेज वाचायला सोपं जावं म्हणून ते ड्रमपासून पाच मीटर खाली बसवलं, तर नळीतल्या पाण्याचा अर्धा किलो दाब काट्यात जमा होतो. हे ज्याला माहीत आहे तो वजा करतो. नवख्याला वाटतं वाफ पुरेशी आहे. गेज कमी दाखवणारं असेल तर परिणाम आणखी वाईट, कारण तांबडी रेघ ओलांडली गेली हेच कळत नाही. बॉयलरच्या बाबतीत मोजमापातली चूक कागदावर राहत नाही, ती माणसांवर येते. १९२३ चा बॉयलर कायदा आणि त्याखालची तपासणी उगाच आली नाही.

इथे आपल्या बाजारातला एक जुना शब्द आठवतो. पासंग. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना समतोल नसतील, तर हलक्या बाजूला जो दगड किंवा शिक्क्याचा तुकडा बांधतात तो पासंग. भाषेत आपण म्हणतो, अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण पासंगामागचा विचार मोठा आहे. वजन करण्याआधी तराजू रिकामा असताना काय सांगतो, ते बघा. शाळेत व्हर्नियर कॅलिपर हातात देताना आमचे विज्ञानाचे सर आधी जबडे मिटवून शून्य बघायला लावायचे. तोही पासंगच.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. तराजूतच खोट असेल तर तेच वजन शंभर वेळा करून सरासरी काढली तरी खोट जात नाही. शंभर वेळा तोच चुकीचा आकडा येतो, आणि तो इतका सारखा येतो की माणसाचा विश्वास बसतो. हात थरथरल्यामुळे होणारी चूक सरासरीने कमी होते. साधनात मुरलेली चूक दुसऱ्या साधनाशी पडताळल्याशिवाय सापडत नाही.

आता आमच्या मुख्य कामाकडे येतो. काही गिगापास्कलच्या पुढे वजन आणि दट्ट्या थकतात, पोलादच टिकत नाही. तिथे हिरा लागतो. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पदार्थ चिमटीत धरून दाबायचं साधन बनवलं. सुरुवातीचे हिरे त्यांना मिळाले ते कस्टमने तस्करांकडून जप्त केलेल्यांतून. मराठीत आपण त्याला हिऱ्याची ऐरण म्हणू. हिऱ्याचं टोक ०.३ मिलिमीटर व्यासाचं. ढोबळ हिशेबाने त्यावर ५० गिगापास्कल आणायला साडेतीनशे किलोचा भार पुरतो, म्हणजे पाच-सहा माणसांचं वजन. हाताने स्क्रू पिळून ते होतं. साधन तळहातावर मावतं.

मग भार भागिले क्षेत्रफळ का करत नाही? कारण दोन हिऱ्यांमध्ये धातूची पातळ चकती असते आणि तिच्या भोकात नमुना. भाराचा बराच वाटा चकती खाते, काही घर्षणात जातो. मध्यभागी दाब जास्त, कडेला कमी. स्क्रूचे फेरे मोजून आतला दाब सांगणं म्हणजे मोटेचे फेरे मोजून पिकाचं उत्पन्न सांगणं.

उपाय सापडला १९७२ साली, त्याच अमेरिकन संस्थेत. नमुन्याशेजारी माणकाचा कण ठेवायचा, धुळीच्या कणाएवढा. त्यावर लेसर टाकला की तो लालभडक चमकतो. साध्या हवेच्या दाबाला त्या प्रकाशाची तरंगलांबी ६९४.२ नॅनोमीटर. दाब वाढला की ती दर गिगापास्कलला सुमारे ०.३६५ नॅनोमीटरने सरकते. हिरा पारदर्शक, त्यामुळे प्रकाश आत जातो आणि बाहेर येतो. दाबाच्या पोटात बसलेला साक्षीदारच म्हणा ना.

पण साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. माणिक दाबाने सरकतं तसं तपमानानेही सरकतं. पाच अंश तपमान वाढलं तर ०.०३५ नॅनोमीटरचा फरक पडतो. आपण तो दाब समजलो तर ०.१ गिगापास्कल, म्हणजे हजार वातावरणं, हवेतून निर्माण झाली.

याचा एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एक संशोधक विद्यार्थी होता. हुशार, कामसू. शिष्यवृत्तीचे शेवटचे महिने चालले होते. त्याला एका पदार्थात असं दिसलं की त्याची रचना एका दिवशी एका दाबाला बदलते आणि दुसऱ्या वेळी थोड्या कमी दाबाला. त्यावर त्याने सुंदर स्पष्टीकरण रचलं, निबंधही लिहायला घेतला. मग त्याने स्वतःच वहीत दोन्ही दिवसांच्या खोलीच्या तपमानाच्या नोंदी काढल्या. एका दिवशी वातानुकूलन चालू, दुसऱ्या दिवशी बंद. फरक आठ अंशांचा. त्याने माणकाचा शून्य एकदाच, गार खोलीत मोजला होता. दुरुस्ती केल्यावर दोन्ही आकडे एकावर एक बसले आणि निबंध संपला. पोराने एक अक्षर न बोलता तो फाडला आणि उरलेल्या महिन्यांत दुसरं काम उभं केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो निबंध छापून आला असता, तर चूक सापडायला वर्षं गेली असती. तपमान वहीत लिहायची शिस्त नसती तर ती सापडलीही नसती.

दुसरी मोठी अडचण म्हणजे दाब सर्व बाजूंनी सारखा आहे का? पाण्यात बुडवलेल्या वस्तूवर तो सारखा असतो. म्हणून नमुन्याभोवती द्रव भरतात. मिथेनॉल आणि इथेनॉलचं चारास एक मिश्रण सर्रास वापरतात. पण १० गिगापास्कलच्या आसपास तेही काचेसारखं घट्ट होतं. मग वरून जास्त आणि बाजूने कमी असा दाब पडतो. एकाच भोकातले दोन माणिककण दोन वेगळे आकडे सांगू लागतात.

याचं उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रात ज्यावर मोठं काम झालं त्याच विषयातलं आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सिक्का, व्होरा आणि चिदंबरम यांनी टायटॅनियम, झिर्कोनियम यांसारख्या धातूंत दाबाखाली तयार होणाऱ्या ओमेगा नावाच्या रचनेचा अभ्यास केला. १९८२ साली आलेला त्यांचा आढावा जगभर वाचला गेला. अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, तेव्हा हा विषय हौशीचा नाही. आता साधा प्रश्न. टायटॅनियममध्ये हा बदल किती दाबाला सुरू होतो? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत, भोवती कुठलंही माध्यम नसताना तो ४.९ गिगापास्कलला दिसला, आणि मऊ आर्गॉन भरल्यावर १०.५ ला. धातू तोच, आकडा दुपटीहून जास्त. इथे गेज खोटं बोलत नव्हतं. ज्याला आपण एकच नाव देतो, "दाब", ते दोन प्रयोगांत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एकात नुसतं दाबणं, दुसऱ्यात दाबण्यासोबत रगडणं.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड. ज्या मोजपट्टीने मोजतो तीच बरोबर आहे का? माणकाची पट्टी दुसऱ्या पट्ट्यांवरून ठरवलेली, त्या आणखी कुठल्या तरी प्रयोगांवरून. १९८६ च्या पट्टीने ज्याला आम्ही १०० गिगापास्कल म्हणायचो, त्याला २०२० मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय पट्टी सुमारे १०६ म्हणते. त्याही आधीची गोष्ट. बिस्मथ धातूतला एक बदल दाबाची खूण म्हणून वापरत. जुन्या अंदाजात तो १२० किलोबारच्या आसपास मानला जाई, पुढे तो ८९ वर आला आणि अखेर ७७ वर स्थिरावला. बिस्मथ बदललं नव्हतं.

एवढ्याने काय बिघडतं? जमिनीखाली ६६० किलोमीटरवर भूकंपाच्या लाटांचा वेग एकदम वाढतो. तिथे खनिजांची रचना बदलते असं मानतात. १९९८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत त्या बदलाचा दाब मोजला, तो अपेक्षेपेक्षा सुमारे २ गिगापास्कल कमी आला. ऐकायला किरकोळ, पण त्या आकड्याने ती सीमा साठेक किलोमीटर वर सरकली असती. भूकंपाच्या लाटा तर सीमा ६६० वरच आहे असं सांगत होत्या. मग लोक सोन्याच्या मोजपट्टीकडे आणि तपमान मोजणाऱ्या तारांकडे संशयाने पाहू लागले. २०१७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून धातुरूप हायड्रोजन बनवल्याची बातमी आली, ४९५ गिगापास्कलला. इतर तज्ज्ञांनी घेतलेल्या आक्षेपांत एक मुख्य आक्षेप दाबाच्या मोजमापावर होता. वाटेतला मोठा टप्पा स्क्रूच्या फेऱ्यांवरून अंदाजलेला होता.

मित्रहो, आता दंडाकडे येतो. आपण सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. मघाशी नाश्त्याला जिलबी किती जणांनी नाकारली ते मी पाहिलं. आपल्यातल्या निम्म्यांच्या खिशात बीपीची गोळी असेल, निम्म्यांच्या घरी यंत्र. ते दाबमापकच आहे आणि त्यात याच सगळ्या चुका शिरतात.

उंचीची चूक घ्या. दंड हृदयाच्या पातळीवर हवा. हात खाली लोंबत ठेवला आणि पट्टा पंधरा सेंटिमीटर खाली गेला, तर रक्ताच्या स्तंभाचे अकरा-बारा मिलिमीटर आकड्यात मिसळतात. ते बॉयलरच्या नळीतलं पाणीच. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा जास्त येतो. बोलत असाल, जिना चढून आला असाल, पाय लोंबत असतील तरी जास्त येतो. माणूस निरोगी आणि गोळी आयुष्यभराची, किंवा उलट, एवढं सगळं त्या दहा-बारा मिलिमीटरांवर ठरू शकतं. तेव्हा पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बाही वर केलेली, तोंड बंद. हे शेवटचं आपल्या वर्गाला जड जाईल. दोन-तीन वेळा मोजा, लिहून ठेवा. आणि डॉक्टरांकडे जाताना आपलं यंत्र पिशवीत घालून न्या, त्यांच्या यंत्राशी पडताळून घ्या. पासंग बघा. आकडा बघून गोळी मात्र स्वतः बंद करू नका, ते काम डॉक्टरांचं.

शेवटी एक सूचना मांडतो, मंडळाने विचार करावा. शाळेच्या प्रयोगशाळेला आपल्या तुकडीकडून हवेचा दाब मोजणारी दोन चांगली साधनं द्यावीत. दोन का, ते आता तुम्हाला सांगायला नको. एक शाळेत ठेवायचं. दुसरं घेऊन मुलांनी बारी गावातून कळसूबाई चढायचं. १६४६ मीटरवर पोचेपर्यंत पाऱ्याच्या हिशेबात दाब सहा-सात सेंटिमीटरने उतरतो. फ्रान्समध्ये १६४८ साली पास्कल यांच्या मेव्हण्याने डोंगरावर दाबमापक नेऊन हेच दाखवलं, आणि पायथ्याशी दुसरं साधन ठेवून त्यावर दिवसभर माणूस नजर ठेवून होता. दिवसभरात हवाच बदलली तर? ही शंका त्यांना आधीच आली होती. आपल्या मुलांनाही ती यावी.

मुलांच्या मोबाइलवर हवामानाचं ॲप १०१० दाखवेल आणि नगरमध्ये ठेवलेलं साधन ९४० च्या आसपास. एखादी मुलगी विचारेल, "बाई, यातलं खरं कोणतं?" दोन्ही खरी आहेत. ॲपचा आकडा समुद्रसपाटीला उतरवून घेतलेला असतो. पण हा प्रश्न मुलांच्या तोंडून निघाला की साधनांचे पैसे वसूल झाले असं समजा.

सर, बाई, तुम्ही आम्हाला उत्तरासोबत एकक लिहायला लावलंत, नाही लिहिलं की अर्धा गुण कापलात. वहीत खाडाखोड चालेल, पण आकडा पुसायचा नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. आम्ही जिथे जिथे गेलो, कुणी बॉयलरवर, कुणी शेतात, कुणी दवाखान्यात, कुणी प्रयोगशाळेत, तिथे तो अर्धा गुण आमच्या कामी आला. आम्हा सगळ्यांच्या वतीने तुम्हाला नमस्कार करतो आणि थांबतो.